पुन: पुन: सूचनापत्र, मुद्दा ४ (आणि मागच्या पार्किंगचे दिवे)

विनायक (सचिव):
मंडळी, सूचनापत्र आज रात्री सगळ्यांना जायचंय. मुद्दा ४ वर अनघाचा आक्षेप आहे म्हणून इथे टाकतो: "महिला सदस्यांनी तालमीनंतर एकट्याने मागच्या पार्किंगकडे जाऊ नये, चालताना मोबाइलवर बोलू नये, शक्यतो पतीला किंवा ओळखीच्या सदस्याला बोलवावे." यात वावगं काय ते मला समजलेलं नाही. हो किंवा नाही एवढंच कळवा, निबंध नकोत.

अनघा:
नाही.
कारण: त्या गुरुवारी मागच्या पार्किंगमध्ये आपल्या जिच्यावर हल्ला झाला, ती एकटी होती, फोनवर होती आणि नवरा बाहेरगावी होता. म्हणजे हा मुद्दा तिच्याकडे बोट दाखवूनच लिहिलाय, फक्त नाव गाळलंय. मागचे दिवे साडेनऊला आपोआप बंद होतात आणि तालीम दहाला सुटते, हे सूचनापत्रात कुठेच नाही. सर्वसाधारण सभेत हा विषय काढला होता तेव्हा "बघू" म्हणाला होतात.

मकरंद (हॉल समिती):
दिव्यांपुरतं बोलतो. टायमरची पेटी हॉलवाल्यांची, किल्ली त्यांच्या केअरटेकरकडे. आपली ठरलेली वेळ साडेनऊपर्यंतचीच आहे, दहा नाट्य समितीने करून घेतले. आणि कृपा करून कोणी परस्पर हॉलवाल्यांशी बोलू नये. मागच्या वेळी काय झालं ते आठवत असेलच.

नीलिमा:
परस्पर कोण बोललं? दहाची वेळ कार्यकारिणीने मंजूर केलीय, इतिवृत्त काढून बघ. सेट आत ठेवायला, खुर्च्या रचायला आणि कुलूप लावायला शेवटी कायम आम्ही दोघी-तिघीच उरतो. नटमंडळी "उद्या लवकर उठायचंय" म्हणून केव्हाच पसार झालेली असतात. एकट्याने जाऊ नका, बरं. मग कुलूप कोणी लावायचं तेही मुद्दा ५ मध्ये घाला.

सुलभाकाकू:
विनायक, निबंध नको म्हणालास, पण मी लिहिणार.
१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला. गरीब आदिवासी पोर. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, तेही तिच्या चारित्र्यावर शेरे मारून. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, ती १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. का, तर अंगावर जखमा नाहीत आणि ती ओरडली नाही. पोलीस ठाण्यात, पोलिसांपुढे, ओरडून तिने कोणाला बोलवायचं होतं? उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, तेव्हा कुठे आम्हाला हे कळलं. १९८० च्या मोर्च्यात मी मुंबईत होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, असल्या विषयावर रस्त्यावर कशाला जायचं. कायदा बदलायला १९८३ उजाडलं. कोठडीतल्या बलात्कारात बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर कोर्ट तसंच धरून चालेल, ही तरतूद तेव्हा आली. फिर्यादी बाईच्या चालचलणुकीवर बोलून तिला खोटं पाडायची पुरावा कायद्यातली सोय तर २००२ च्या दुरुस्तीपर्यंत शाबूत होती.
तुझा मुद्दा ४ वाचून मला तो निकाल आठवला. रागावू नकोस.

विनायक:
काकू, आदर आहेच, पण कुठे सर्वोच्च न्यायालय आणि कुठे आपलं सूचनापत्र! गाडीला कुलूप लावा म्हटलं की चोराची बाजू घेतली असं होतं का? मलाही मुली आहेत. मी त्यांना रोज हेच सांगतो.

प्रसाद:
मुलींना घरात सांगणं वेगळं आणि हल्ल्यानंतर चार दिवसांनी मंडळाने लेखी सांगणं वेगळं. पहिली काळजी असते, दुसरा निकाल वाटतो.
आणि "पतीला बोलवावे" हे जरा जपून. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींचे खून झाले, त्यातले सुमारे ५१,१०० जोडीदाराने किंवा घरच्यांनीच केले. पार्किंगमधल्या अनोळखी माणसाची भीती खोटी नाही, पण आपण सगळ्या सूचना फक्त त्याच्यासाठी लिहितो.

अनघा:
प्रसादला जोडून. २०२१ मध्ये लंडनमध्ये क्लॅपहॅमहून घरी निघालेली तरुणी आठवते ना? वर्दळीचा रस्ता, दिवे होते, वाटेत मित्राशी फोनवर बोलली होती. जमेल ती सगळी काळजी घेतली होती. तिला नेणारा नोकरीतला पोलीस होता, ओळखपत्र दाखवून, कोविडचे नियम मोडल्याची खोटी अटक करून. त्यावर नॉर्थ यॉर्कशायरचे निर्वाचित पोलीस आयुक्त म्हणाले की अटक कधी होऊ शकते हे बायकांनी माहीत करून घ्यायला हवं. दोन आठवड्यांत राजीनामा द्यावा लागला त्यांना.
आणि विनायकराव, मोबाइलवर बोलू नका म्हणता. आम्ही फोनवर बोलतो तेच कोणीतरी सोबत आहे असं वाटावं म्हणून.

मकरंद:
लंडनचं राहू दे, साडेनऊ की दहा ते आधी ठरवा. मला हॉलवाल्यांना कळवायचंय.

श्रुती:
सगळ्यांना एक आठवण. ती या यादीवर आहे. हे सगळं वाचते आहे. तिला विचारूनच लिहिते.
गुरुवारपासून तिला खूप फोन आले. "नक्की काय झालं?", "एवढ्या उशिरापर्यंत का थांबलीस?", "पर्स देऊन टाकायची ना". उजवा खांदा बांधलेला आहे, फोन डाव्या हाताने उचलावा लागतो, आणि तेच तेच पहिल्यापासून सांगावं लागतं. आता तिने फोन बंद ठेवलाय. परवा पोलिसांकडे पुरवणी जबाब आहे. त्यांनी विचारलं, मराठी दुभाषी हवा का. तिने हवा म्हणून सांगितलं, पण अट घातली की मंडळातलं कोणी नको. जबाबातला शब्द न् शब्द रविवारपर्यंत पार्किंगमध्ये पोचेल, असं म्हणाली. मला यावर काही बोलता आलं नाही.
तिला हवंय ते एवढंच: परवा सकाळी न्यायला-आणायला गाडी, आणि गाडीत प्रश्न न विचारणारं कोणीतरी. मला थेट लिहा, यादीवर नको.

सुलभाकाकू:
गाडी मी आणते. मला आताशा ऐकू कमीच येतं.

विनायक:
मुद्दा ४ काढला. त्याजागी: "तालीम दहाला संपेल. शेवटची व्यक्ती निघेपर्यंत कार्यकारिणीतले दोन सदस्य आळीपाळीने थांबतील. गुरुवारच्या घटनेबाबत कोणीही संबंधित सदस्याला फोन करू नये." मोबाइलची ओळ सर्वांसाठी म्हणून ठेवू का?

अनघा:
नको.

नीलिमा:
पहिली पाळी नटमंडळींची लावा, कार्यकारिणीत असोत वा नसोत.

मकरंद:
केअरटेकरचं उत्तर आलं. टायमर साडेदहापर्यंत वाढवून देतील, पण अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर आणि अध्यक्षांच्या सहीने हवा. लेटरहेड नाट्य समितीकडे आहेत ना?

नीलिमा:
आमच्याकडे कशाला असतील? स्मरणिकेच्या वेळी तूच नेलेस.