मदत हवी आहे: एनआयएचएसएस (स्ट्रोक किती तीव्र ते मोजणारा स्कोअर) ३ की ५? आणि स्ट्रोक 'सौम्य' कधी म्हणायचा?

कोरीवही
एकाच रुग्णाचा एनआयएचएसएस दोघांनी तासाभराच्या अंतरानं काढला. पहिल्याचा आला ३ : चेहऱ्याची उजवी घडी पुसट (१), बोलणं जड पण कळण्याजोगं (१), उजवा हात खाली सरकतो (१). दुसऱ्यानं याच तिन्हींवर अटॅक्सियाचे (हालचालीतला ताळमेळ जाण्याचे) २ चढवून ५ केले. सीटीत रक्तस्राव नाही. रुग्णाला उजव्या हातात पेन मात्र धरता येत नाही.
कोणता आकडा बरोबर? सौम्यची रेषा ३ ला की ५ ला? आणि लक्षणं २४ तासांत गेली तर टीआयए (तात्पुरता झटका) लिहायचं ना?

उंबरठा
आधी अटॅक्सिया, कारण घोळ तिथंच आहे. हे गुण फक्त कमजोरीच्या प्रमाणाबाहेर हात-पाय भरकटत असतील तरच द्यायचे. हात मुळात कमजोर असेल, तर बोट-नाक चाचणीत तो डगमगणारच. त्याचे गुण हाताच्या रकान्यात एकदा देऊन झालेत. शिवाय २ म्हणजे दोन अवयव, हात आणि पाय दोन्ही. पायाची टाच-नडगी चाचणी केली होती का ते बघा. केली नसेल तर ते २ कुठून आले हाच प्रश्न आहे.

हाताचा १ सुद्धा तपासून घ्या. तळवा खाली, बसलेल्या रुग्णात ९० अंश, झोपलेल्यात ४५, दहा सेकंद, मोठ्यानं मोजत, एका वेळी एकच हात. सरकला पण टेकला नाही तर १. जोर लावूनही गादीला टेकला तर २. पायाला ३० अंश आणि पाचच सेकंद. दोन्ही हात एकदम उचलायला लावले की आकडे हमखास चुकतात. महिना आणि वय विचारताना पहिलं उत्तर तेच धरायचं, 'जवळपास बरोबर'ला सूट नाही. रुग्णाला जमेल असं आपल्याला वाटतं ते लिहायचं नाही, त्यानं केलं ते लिहायचं.

निळीशाई
उंबरठा यांच्याशी सहमत. रेषेबद्दल: दोन्ही चालतात, म्हणून गोंधळ. दुहेरी गोळ्यांच्या (अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल) औषध-चाचण्यांनी (चान्स २०१३, पॉइंट २०१८) ३ पर्यंतचे घेतले. अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध) विरुद्ध अ‍ॅस्पिरिनच्या प्रिझम्सनं (२०१८) ० ते ५, पण त्रास अपंग करणारा नसेल तरच. तिथं अल्टेप्लेजचा फायदा दिसला नाही.

ही 'अपंग करणारा नसेल तर'ची अट लोक विसरतात. कसोटी साधी आहे: आत्ता आहे तसंच राहिलं तर आंघोळ, चालणं, संडास, जेवण किंवा नेहमीचं काम जमेल का? नाही, तर आकडा २ असला तरी हा सौम्य नव्हे, आणि लक्षणं सुरू होऊन साडेचार तास व्हायचे असतील तर गुठळी विरघळवण्याचा विचार त्याच निकषावर होतो. बोटांच्या पकडीला या मोजपट्टीत गुणच नाहीत. लिहिण्यावर पोट असलेल्या माणसाचा पेन सुटणं ही छोटी गोष्ट नाही. नोंदीत 'उजवी पकड गेली, लिहिता येत नाही' असं शब्दांत लिहाच.

उंबरठा
भर घालतो. एका बाजूची पूर्ण अर्धी नजर गेली तर २ गुण. चालताना तोल जात असेल पण पडून तपासताना हात-पाय ठीक असतील, तर शून्य! मेंदूच्या मागच्या भागातले स्ट्रोक असेच निसटतात. रुग्णाला उभं करून चार पावलं चालवल्याशिवाय शून्य लिहू नये. आणि सगळ्यात आधी बोटाची साखर. ती घसरली की हुबेहूब असंच चित्र दिसतं.

निळीशाई
टीआयएचं: २४ तासांची व्याख्या जुनी. २००९ पासून कस ऊतीवर आहे, म्हणजे मेंदूच्या ऊतीला इजा झाली का यावर. लक्षणं तासाभरात गेली तरी डिफ्युजन एमआरआयवर ताजा ठिपका असेल तर तो स्ट्रोकच. उलट, पहिल्या दिवशीचा स्वच्छ एमआरआय मागच्या भागातला स्ट्रोक वगळत नाही.

आकडा लिहून थांबू नका, कारणाचं खातं उघडा. टोस्टची (स्ट्रोकच्या कारणांची वर्गवारी) पाच खाती: मोठी धमनी, हृदयातून आलेली गुठळी, बारीक धमनी, इतर ठरलेलं कारण, न ठरलेलं. मानेच्या धमन्यांचं चित्र आणि ईसीजी यासाठीच. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) सापडलं तर अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची जोडी नाही, रक्त पातळ करणारं वेगळं औषध. नाहीतर ३ पर्यंतच्या स्कोअरला ती जोडी २४ तासांच्या आत, साधारण २१ दिवस, मग एकच गोळी. अल्टेप्लेज दिलं असेल तर त्यानंतरचे २४ तास सोडून.

कोरीवही
टाच-नडगी चाचणी झालेलीच नव्हती. स्कोअर ३ करून घेतला, पकडीची ओळ वेगळी घातली, आणि लक्षणं नेमकी कधी सुरू झाली ती वेळही वर लिहिली.

उंबरठा
'कधी दिसली' नाही, 'शेवटचा धडधाकट कधी होता' ती वेळ लिहा. झोपेतून उठताना लक्षात आलं असेल तर घड्याळ झोपायला गेल्यापासून.