झोपेची गोळी ताज्या चिठ्ठीशिवाय मिळूच नये

कृष्णाकाठ: बाबा गेले तेव्हा डॉक्टरांनी आईला ०.२५ ची अल्प्रॅझोलम, म्हणजे झोपेची गोळी, पंधरा दिवसांसाठी दिली होती. ती नऊ वर्षं चालली. ती चिठ्ठी देवघराच्या खणात असायची, घड्यांवर फाटलेली. मेडिकलवाल्याने नंतर कधी मागितलीही नाही. एकाच्या दोन गोळ्या झाल्या. गेल्या दिवाळीत पहाटे गुंगीत बाथरूमला जाताना आई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ही गोळी २०१४ पासून एच-१ यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाही अशा औषधांच्या सरकारी यादीत. पेशंट कोण, डॉक्टर कोण, गोळ्या किती, हे दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपायचं असतं. शेजारचा रोज दारू पितो ते व्यसन, आणि आमच्याकडे मात्र 'आईची गोळी चालू आहे'. चिठ्ठी नाही तर एकही गोळी देऊ नका!

तालुक्याचा_मेडिकलवाला: ताई, नियम तुम्ही म्हणता तोच आहे आणि मी पाळतो. पण 'एकही नाही' म्हणताना पुढचं बघा. एक काका आले होते, हात इतके थरथरत होते की नोटा मोजता येईनात. चिठ्ठी नव्हती, मी परत पाठवलं. चार दिवसांनी कळलं, घरी फिट आली. वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी एकदम तोडली की असं होऊ शकतं. मानसोपचाराचे डॉक्टर जिल्ह्याला. तिथे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. तो माणूस अजून माझ्या मनातून जात नाही.

अबोली_२२: मला दोघांनाही सांगायचंय. असलं वाचून लोक सगळ्याच गोळ्या एका माळेत ओवतात. माझा भाऊ लिथियमवर, म्हणजे मूडचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या गोळीवर, नीट होता. मामा म्हणाले, 'सवय लागेल, सोड.' त्याने सोडली. दोन महिन्यांत ॲडमिट करावं लागलं. लिथियमची नशा होत नाही, डिप्रेशनच्या गोळ्यांचीही नाही. त्याही मनाने बंद करायच्या नसतात, एवढंच. कृपा करून दर वेळी औषधाचं नाव घेऊन बोला.

कृष्णाकाठ: अबोली, पटलं. दादा, 'एकही नाही' हे मी मागे घेते. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आई भिंतीवरच्या मुंग्या वेचत होती, मुंग्या नसताना. काय औषधं चालू आहेत असं विचारल्यावर आम्ही बीपीची सांगितली. ही सांगायची सुचलंच नाही, इतकी ती रोजची झाली होती, आणि दवाखान्यात ती एकदम तुटली. पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून ब्लेडने पाव-पाव तुकडा कमी करत सात महिने लागले. पण नऊ वर्षांत दुकानातून एकदा तरी कुणी विचारायला हवं होतं, हे मी सोडणार नाही. परत पाठवताना निदान १४४१६ नंबर तरी द्या. टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तालुक्याचा_मेडिकलवाला: नंबर उद्याच काउंटरवर लावतो. पण पाव-पाव तुकड्याचं वेळापत्रक लिहून देणारा डॉक्टर तालुक्याला आठवड्यातून एक दिवस तरी बसवा म्हणून तुम्हीही मागा. एकट्या दुकानदाराने दार लावून ही गोळी सुटत नाही.