ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरायची सोपी पद्धत सांगा, कॅन उचलून खांदा गेला

बांधावरची
नमस्कार. सरळ विषयावर येते. वीस लिटरचा कॅन उचलायचा, एक पाय पायरीवर एक टायरवर, कॅन मांडीवर टेकवायचा आणि नरसाळ्यात ओतायचा असं चाललंय सध्या. कॅन भरलेला असतो तेव्हा सुरुवातीला गपकन उसळी मारतो आणि निम्मं बॉनेटवर. खांदा महिनाभर दुखतोय. डॉक्टर म्हणाले वजन उचलू नका, त्यांना काय जातंय सांगायला. पंप घ्यावा म्हणते पण बघायला गेलं तर शंभर प्रकार. कुठला घेऊ? पेरणी तोंडावर आलीये, लवकर सांगा प्लीज.

तिसरा_गिअर
दादा, डिझेल ठेवता कशात? दिवसाला किती लागतं? लाईट आहे का तिथे? ट्रॅक्टर डिझेलपाशी येतो की डिझेल ट्रॅक्टरपाशी न्यायचं? आणि ट्रॅक्टरच्या टाकीचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून सांगा. एवढं कळल्याशिवाय कुठला पंप सांगणार.

हायड्रोलिक_आजोबा
पंपबिंप काही नको हो. चाळीस वर्षं नळी टाकून तोंडाने ओढतोय. ड्रम उंचावर ठेवायचा, नळी सोडायची, एक झुरका की झालं चालू.

गोळी_औषध
आजोबा, हे कुणाला शिकवू नका हात जोडते. डिझेल पोटात गेलं त्यापेक्षा श्वासात गेलं तर जास्त वाईट, थोडंसं जरी फुफ्फुसात उतरलं तरी न्यूमोनिया होऊ शकतो आणि तो साधा नसतो. आणि कुणी गिळलंच तर उलटी काढायला लावू नका, उलटी होताना तेच परत श्वासनलिकेत जातं. सरळ दवाखाना गाठायचा.

हायड्रोलिक_आजोबा
चाळीस वर्षांत मला काही झालं नाही.

गोळी_औषध
ज्यांना झालं ते इथे लिहायला येत नाहीत.

चकमक
आजोबांची पद्धत बरोबर आहे, फक्त तोंड काढून टाका त्यातून. हलवायची सायफन नळी मिळते. टोकाला पितळेचं जाड तोंड असतं, आत एक गोळी. ते डिझेलमध्ये बुडवून हात वरखाली झटकायचा, पाच-सात झटक्यांत धार लागते. वीज नको बॅटरी नको. पण सायफन उताराकडेच चालतो, डिझेलची पातळी ट्रॅक्टरच्या टाकीच्या वर नसेल तर कितीही झटका.

बांधावरची
अहो तेच तर, खाली आहे ना सगळं. शेडमध्ये टाकी आहे जमिनीवर. लाईट नाही. ट्रॅक्टर शेडात जात नाही, मागची चाकं दारात अडतात, त्यामुळे टाकीतून कॅनमध्ये आणि कॅनमधून ट्रॅक्टरमध्ये असं दोनदा करावं लागतं. दिवसाला ४० लिटरच्या आसपास. उंची म्हणाल तर तोंड माझ्या हनुवटीला येतं, आता टेप कुठे शोधू. आणि दादा नाही, ताई.

तिसरा_गिअर
सॉरी ताई. हनुवटी किती उंचावर ते मात्र आम्हाला माहीत नाही :)

रानवारा
स्टँड करा स्टँड. लोखंडी घडवंची, ट्रॅक्टरच्या तोंडापेक्षा फूटभर उंच, वर २०० लिटरचा ड्रम आडवा, खाली कॉक आणि नळी. कॉक उघडा, चहा प्या, टाकी भरली की बंद करा. आमच्याकडे दहा वर्षं असंच आहे, बिघडायला काही नाहीच त्यात.

फिरकीवाला
आणि त्या ड्रममध्ये डिझेल चढवायचं कुणी? २०० लिटर म्हणजे नुसतं डिझेलच १७० किलोच्या आसपास, वर ड्रमचं वजन वेगळं. ताईंना कॅन उचलायचा नाहीये आणि तुम्ही त्यांना कॅन घेऊन घडवंचीवर चढायला सांगताय.

रानवारा
वर चढवायला पंप वापरायचा, आठवड्यातून एकदा.

फिरकीवाला
म्हणजे शेवटी पंपच! मग थेट ट्रॅक्टरमध्येच का नाही भरायचं. ताई, हाताने फिरवायचा रोटरी पंप घ्या. ड्रमच्या बुचाच्या आट्यात बसतो, हँडल गोल फिरवायचं, एका फेरीला पाव लिटरच्या आसपास देतो. वीज नाही, बॅटरी नाही, वायर नाही.

तिसरा_गिअर
४० लिटरला १६० फेऱ्या झाल्या. खांदा दुखतोय त्यांचा, वाचलं का वरती?

फिरकीवाला
डाव्या हाताने फिरवा की.

बांधावरची
डावाच दुखतोय. उजव्याने फिरवेन पण १६० ऐकूनच हात भरून आला.

मोकळा_श्वास
ताई, खांद्यासाठी भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, दिवसातून तीन वेळा, जिथे दुखेल तिथे थांबायचं. हळूहळू हात वर जायला लागेल. कोमट शेक पण द्या. गादी कडक घ्या.

उगाच_एक
गादीचा वेगळा धागा काढा राव. बांधावरची, सोपं सांगतो. ड्रमला दोन बुचं असतात, एक मोठं एक छोटं. मोठ्यातून तळापर्यंत पाईप सोडा आणि आजूबाजूने पॅक करा, छोट्यातून कॉम्प्रेसरची हवा द्या. डिझेल आपोआप वर चढतं. टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर पुरतो. मी स्वतः करतो.

नटबोल्ट
हे वाचून कुणी करू नका. ड्रम डिझेल ठेवायला असतो, हवा दाबून भरायला नाही. त्याच्या झाकणाचा व्यास ५७ सेंमीच्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळ अडीच हजार चौरस सेंमी. चौरस सेंमीला नुसता एक किलो दाब दिलात तरी त्या पत्र्यावर अडीच टन जोर येतो. टायरचा कॉम्प्रेसर त्याच्या कितीतरी पुढे जातो. पाईप तुंबला आणि तुमचं लक्ष नसलं तर झाकण उडून येईल, आणि मागून डिझेलचा फवारा.

उगाच_एक
मी अगदी थोडी हवा देतो हो. एवढं घाबरून कसं चालेल.

नटबोल्ट
थोडी म्हणजे किती? गेज आहे?

उगाच_एक
अंदाज आहे.

तिसरा_गिअर
ताई, तुमच्यासाठी बारा व्होल्टचा पंप. दोन वायरी, टोकाला चिमटे, ट्रॅक्टरच्याच बॅटरीला लावायचे. शेडात लाईट नसली तरी अडत नाही. पंपावर मिनिटाला ४० लिटर लिहिलेलं असतं, लांब नळी आणि फिल्टर धरून तेवढं मिळत नाही, पण ३० जरी मिळालं तरी दीड मिनिटात तुमचा दिवसाचा कोटा. ट्रॅक्टर दाराबाहेर उभा, नळी आतून बाहेर, कॅनचं काम संपलं. आता थोडं नीट वाचा. चिमटे लावताना पंपाचा स्विच बंद हवा, ठिणगी पडते. वायरला फ्यूज हवाच. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवायचा नाही, आणि कोरडा तर अजिबात नाही, आतल्या पात्यांना वंगण डिझेलचंच असतं. नळी नायट्राइल रबरची घ्या, बागेची नळी डिझेलने कडक होऊन तडकते. आणि ह्या पंपाने पेट्रोल कधीच ओढायचं नाही.

फिरकीवाला
बॅटरी उतरली की बसा मग.

तिसरा_गिअर
दीड मिनिटाने बॅटरी उतरत असेल तर ती बॅटरी स्टार्टरलाही पुरणार नाही.

प्रवासी_पक्षी
विषय निघालाच आहे तर, मी गाडीच्या डिकीत पेट्रोलचा पाच लिटरचा कॅन ठेवतो, वास येतो, झाकण घट्ट आहे. काय करावं?

नटबोल्ट
डिकीत ठेवू नये. आणि भरताना कॅन गाडीतून काढून जमिनीवर ठेवत जा, गाडीतल्या कार्पेटवर ठेवून भरला तर स्थिर वीज साठते आणि पेट्रोलची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते. डिझेल त्या मानाने शांत, पण तापलेल्या इंजिनवर सांडलं तर त्याचाही भरवसा नाही. बॉनेटवर निम्मं सांडतं म्हणणाऱ्या ताईंनी हे दोनदा वाचावं.

बांधावरची
वाचलं. बारा व्होल्टचा पटला. टाकीला वरून मोठं झाकण आहे, त्यातून पाईप सोडता येईल. टाकी भक्कम आहे, पूर्वी पाण्याला होती, जीआयची, जाड पत्रा, गंज म्हणून नाही. मी म्हणते नळी अगदी तळापर्यंत सोडावी म्हणजे शेवटचा थेंबही वाया जायला नको. पंपाबरोबर फिल्टरही लावू का? कारण ट्रॅक्टरचा फिल्टर ह्या वर्षी तीनदा बदलला, चढाला लोड आला की धापा टाकतो आणि डिझेलच्या लाइनमध्ये एअर घेतो. मेकॅनिक म्हणतो डिझेल खराब आहे, पेट्रोल पंपवाला म्हणतो मेकॅनिक खराब आहे.

तिसरा_गिअर
थांबा थांबा. जीआय म्हणजे आतून जस्ताचा मुलामा? हे तुम्ही आत्ता सांगताय?

बांधावरची
कुणी विचारलं कुठे. कशात ठेवता विचारलंत, टाकी म्हणाले की.

नटबोल्ट
जस्त आणि डिझेल एकत्र ठेवत नाहीत. हळूहळू साबणासारखा गाळ तयार होतो, फिल्टरमध्ये बसतो, त्यातून निसटला की इंजेक्टरमध्ये. तांब्याचंही तसंच, डिझेल लवकर जुनं होतं. साधा काळा लोखंडी पत्रा चालतो, किंवा डिझेलसाठी म्हणूनच बनवलेली प्लास्टिकची टाकी. गंज दिसत नाही म्हणून टाकी चांगली असं आपण धरून चालतो आणि इथे नेमका तो मुलामाच नडतो.

रानवारा
आणि पाणी बघा. रात्री टाकी गार झाली की रिकाम्या जागेतल्या हवेचं दव आत पत्र्यावर धरतं आणि खाली उतरतं. पाणी जड, तळाला बसतं. तळापर्यंत नळी सोडलीत तर शेवटचा नाही, पहिलाच थेंब पाण्याचा येईल. नळीचं टोक तळापासून निदान चार बोटं वर ठेवा. एक करा ताई, पारदर्शक नळी घ्या, हळूच तळापर्यंत सोडा, वरचं टोक अंगठ्याने दाबून धरा आणि बाहेर काढून काचेच्या बरणीत सोडा. अर्धा तास ठेवून बघा.

हायड्रोलिक_आजोबा
हे बरोबर सांगितलंत. आम्ही रात्री ट्रॅक्टर लावताना टाकी भरूनच लावायचो, हवा कमी तर दव कमी.

रानवारा
आजोबा १००%. फक्त उन्हात ठेवायच्या ड्रमला काठोकाठ भरू नका, २०० लिटर २० अंशांनी तापलं तर तीन लिटरच्या वर फुगतं, मग बुचातून बाहेर येतं आणि लोक म्हणतात ड्रम गळतोय.

बांधावरची
बरणी समोर ठेवून लिहितेय. तळाला बोटभर पाणी, अगदी स्वच्छ. वर डिझेल, जरा गढूळ. आणि दोघांच्या मध्ये तपकिरी साय धरल्यासारखं काहीतरी आहे, बरणी हलवली की चिंधीसारखं लोंबतं. काडीने उचललं तर तार सुटते. घाण वास येतोय, डिझेलचा नाही, साचलेल्या गटारीचा. हे काय आहे??

नटबोल्ट
बुरशी आणि जिवाणू. पाण्यात राहतात आणि डिझेल खातात, म्हणून बरोबर सीमेवर थर धरतात. तुमचा फिल्टर तीनदा ह्यानेच गेला, जस्ताचा गाळही त्यात असेल. मेकॅनिकला सॉरी म्हणा.

चकमक
पंपवालाही सुटला :)

फिरकीवाला
मारायचं औषध मिळतं, टाकीत ओता, मरतील.

नटबोल्ट
मरतील, आणि मेलेले फिल्टरमध्ये जातील. आधी पाणी आणि गाळ काढायचा, टाकी बदलायची. पाणीच नसेल तर ते जगत नाहीत, औषध नंतरचं. ट्रॅक्टरच्या टाकीचाही तळाचा ड्रेन उघडून बघा, तिथे हेच मिळेल, आणि फिल्टरखालच्या कपातलं पाणी सोडून एअर नीट काढा.

तिसरा_गिअर
नवीन ड्रम ठेवताना किंचित तिरका ठेवा, नळी उंच बाजूला, पाणी सखल बाजूला जमतं. उभा ड्रम बाहेर ठेवलात तर झाकणावर पावसाचं पाणी साचतं आणि गार झाल्यावर बुचातून आत ओढलं जातं, म्हणून शेडातच बरा. आणि पंप चालू करताना छोटं बूच सैल करा, नाहीतर आत हवा जात नाही, पंप नुसता कण्हतो आणि ड्रम चेपतो.

बांधावरची
बरं. दोन लोखंडी ड्रम बघितलेत, आधी त्यात डिझेलच होतं, आतून कोरडे करून घेते. बारा व्होल्टचा पंप, डिझेलमधलं पाणी अडवणारा फिल्टर, नायट्राइलची नळी सांगितली आहे. टाकीचं काय करू पण? जाड पत्रा आहे, वरून कापून जनावरांना पाण्याला करावी का?

नटबोल्ट
कापू नका! वेल्डिंग, ग्राइंडर काहीही नाही. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि डिझेलची टाकी कापताना स्फोट होऊन माणसं गेलेली आहेत. रिकामी म्हणजे सुरक्षित असं नसतं, भरलेलीपेक्षा रिकामीच जास्त वाईट. आणि डिझेलच्या टाकीतलं पाणी जनावरांना पाजू नका.

मोकळा_श्वास
खांदा कसा आहे आता?

बांधावरची
दुखतोय. भिंत चढतेय.

हायड्रोलिक_आजोबा
ती हलवायची नळी किती लांबीची मिळते? तसं आपलं विचारलं.

चकमक
दोन मीटरची घ्या आजोबा. झटकताना पितळी तोंड पूर्ण बुडलेलं ठेवा.

तिसरा_गिअर
ताई, नळी किती मीटर सांगितलीत? उंचीचं अजून सांगितलं नाहीत तुम्ही.

बांधावरची
१४८ सेंमी. टेप टूलबॉक्समध्येच होता.