युद्धनौकांच्या रचनेचा अभ्यास कुठून सुरू करावा? सल्ला हवा

धागाकर्ता:
नमस्कार. युद्धनौकांबद्दल मिळेल ते वाचत असतो. तोफांचे व्यास, चिलखताची जाडी, वेग असे आकडे पाठ झालेत, पण त्यावरून काही उलगडत नाही. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत ब्रिटनच्या इन्डिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल या तीन बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या, पण वेगासाठी चिलखत कमी केलेल्या नौका) स्फोट होऊन बुडाल्या. जर्मनीची झायडलिट्झ मात्र पाच हजार टनांहून जास्त पाणी आत शिरलेलं असताना बंदरात पोचली. असं का, हे समजायचं तर आधी कोणत्या नौका, कोणत्या घटना अभ्यासाव्यात? गणित कितपत लागतं? जपानची यामातो विरुद्ध अमेरिकेची आयोवा या वादात मला रस नाही.

प्रतिसाद १:
सगळ्यात मोठ्या नौकांपासून सुरुवात करू नका. यामातो बांधायला घेतली तेव्हा जपानवर नौकांचं वजन मर्यादित ठेवणाऱ्या कराराचं बंधन उरलेलं नव्हतं. रचनाकाराची खरी ओढाताण दिसते ती वजनाला मर्यादा असते तिथं. म्हणून १९२२ चा वॉशिंग्टन करार आणि १९३० चा लंडन करार आधी समजून घ्या. पहिल्यानं क्रूझरना १०,००० टन आणि ८ इंची तोफा ही मर्यादा घातली. दुसऱ्यानं ६०० टनांच्या आतल्या लहान नौका मोजणीतून वगळल्या, आणि जपाननं नेमक्या त्या फटीत एक टॉर्पेडो बोट बसवली: तोमोझुरु. एवढ्याशा नौकेवर १२.७ सेंमीच्या तीन तोफा आणि चार टॉर्पेडो नळ्या! वजन सगळं वर. मार्च १९३४ मध्ये वादळात ती उलटली.

माझा आग्रह आहे की या एकाच नौकेचा आधीचा आणि नंतरचा आराखडा शेजारी ठेवून बघा. तिच्या वर्गाच्या दुरुस्तीत तोफा १२ सेंमीच्या झाल्या, टॉर्पेडो नळ्या चारावरून दोनवर आल्या, तळाशी वजन घातलं गेलं. काय काढावं लागलं, यावरून आधी काय जास्त झालं होतं ते लख्ख दिसतं. मग सप्टेंबर १९३५ ची जपानच्या चौथ्या आरमाराची दुर्घटना घ्या. टायफूनमध्ये हात्सुयुकी आणि युगिरी या विनाशिकांचे पुढचे भागच तुटून गेले. तिथं प्रश्न तोल जाण्याचा नव्हता, सांगाड्याच्या ताकदीचा होता. वजन वाचवताना सांगाडा कुठवर हलका करता येतो याचं उत्तर समुद्रानंच दिलं.

प्रतिसाद २:
वरचा सल्ला चांगला आहे, पण मूळ प्रश्न जटलंडचा आहे आणि त्याचं उत्तर जटलंडमध्येच शोधता येतं. 'ब्रिटिशांचं चिलखत पातळ होतं' एवढ्यावर थांबू नका. पातळ होतं हे खरंच. क्वीन मेरीचा पट्टा (बाजूचं चिलखत) ९ इंची, झायडलिट्झचा ३०० मिमी. पण ब्रिटनच्याच लायनचा पट्टाही ९ इंचीच होता, ती क्वीन मेरीची जवळजवळ जुळी बहीण, आणि ती वाचली. तिच्या मधल्या टरेटवर (तोफांच्या फिरत्या चिलखती घरावर) गोळा फुटला, आत आग लागली, आणि प्राणांतिक जखमी झालेल्या मेजर फ्रान्सिस हार्वीनं दारूकोठारात पाणी सोडायला सांगितलं. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

याच्या आधीची एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. भराभर मारा करता यावा म्हणून अनेक ब्रिटिश नौकांवर कोठारांची दारं उघडी ठेवायची आणि कॉर्डाइटच्या (तोफेच्या दारूच्या) रेशमी पिशव्या बाहेर रचून ठेवायची सवय लागली होती. लायनवर अलेक्झांडर ग्रँट या तोफखान्याच्या अधिकाऱ्यानं १९१५ मध्ये ती मोडली आणि जुनी शिस्त परत आणली. जर्मन तोफांच्या दारूचा मुख्य भाग पितळी नळकांड्यात असे. शिवाय जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या लढाईत झायडलिट्झचे मागचे दोन्ही टरेट जळून खाक झाले होते, तेव्हा त्यांनीही धडा घेतला होता. चिलखत, दारूची जात आणि माणसांची सवय या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय तो दिवस समजत नाही.

प्रतिसाद ३:
गणिताचं सांगतो. बेरीज-वजाबाकी आणि एक आलेख वाचता आला की सुरुवातीला पुरे. नौका कलते तेव्हा तिला परत सरळ करणारं बळ किती अंशांपर्यंत वाढत जातं, एवढं त्या आलेखात बघायचं. १८७० मधल्या दोन ब्रिटिश नौका घ्या, कॅप्टन आणि मोनार्क. दोघींना टरेट, दोघींना शिडं. पण कॅप्टनची बाजू पाण्याच्या वर फार थोडी, आखणीतल्या ८ फुटांऐवजी प्रत्यक्षात साडेसहाच्या आसपास. तिचं सरळ करणारं बळ २१ अंशांनाच शिखर गाठून उतरू लागे, मोनार्कचं ४० अंशांना. सप्टेंबरच्या एका रात्री दोघी एकाच वादळात होत्या. कॅप्टन उलटली आणि तिचा पुरस्कर्ता कूपर कोल्स तिच्याबरोबरच गेला. मोनार्क तरली.

धागाकर्ता:
खूप आभार, तोमोझुरुपासूनच सुरुवात करतो. विमानवाहू नौकांनाही हेच लागू पडतं का?

प्रतिसाद २:
हो. जपानची तायहो वाचा. चिलखती उड्डाणपट्टी असलेली कोरी नौका, १९ जून १९४४ ला अमेरिकेच्या अल्बाकोर पाणबुडीचा एकच टॉर्पेडो लागला. नौका चालतच राहिली, पण विमानांच्या पेट्रोलची टाकी फुटली होती. वाफ बाहेर काढायला हवा खेळती केली, तर तीच वाफ नौकाभर पसरली आणि दुपारी स्फोट झाला. चिलखताच्या तक्त्यात यातलं काहीही सापडणार नाही.

प्रतिसाद १:
तक्ते वाचताना एक सांभाळा. करारातला 'स्टँडर्ड' टन म्हणजे माणसं, दारूगोळा, शिधा सगळं धरून, पण इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी वगळून, आणि तो टन १,०१६ किलोचा. काही तक्त्यांत हा आकडा असतो, काहींत पूर्ण भाराचा. शिवाय जाहीर आकडा खरा असेलच असं नाही. बिस्मार्क ३५,००० टनांची म्हणून जाहीर झाली होती, प्रत्यक्षात ४१,००० च्या वर होती. तुलना करण्याआधी दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत का, ते बघून घ्या.