मुलगी म्हणते चांगली आई घरीच असते, काय करू?

सिडकोची_आई:
मैत्रिणींनो जरा मन मोकळं करायचंय. माझी मुलगी ८ वर्षांची, मी सातपूर एमआयडीसीत नोकरीला, घरी यायला साडेसात वाजतात आणि तोवर ती आजीजवळ बसून मालिका बघते. परवा मी दारात चपला काढत होते तर ही माझी ओढणी डोक्यावर घेऊन, स्टीलच्या ताटात तीन रिकामे कप ठेवून, मान खाली घालून हळूहळू येतेय आणि धाकट्या भावाला म्हणते, "तुम्ही बसा, दमून आलात." तो ५ वर्षांचा! सगळे हसले, मीही हसले. पण रात्री झोपताना म्हणाली, आई, चांगली आई घरीच असते ना गं, ऑफिसवाल्या बायका भांडणं लावतात. मला रात्रभर झोप नाही. मालिकेत नोकरीवाली, केस मोकळे सोडणारी ती कपटी आणि काठापदराची साडी नेसून सगळं सोसणारी ती गुणी, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. टीव्ही बंद करावा तर सासूबाईंचा तेवढाच विरंगुळा. काय करू?

नाशिकरोडची_ताई:
टीव्ही बंद केलास तरी मोबाईल आहेच. राग मानू नकोस पण तुझ्याकडे जेवणानंतर ताटं कोण उचलतं? २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो आणि जे पुरुष करतात त्यांचा ९७. पोर मालिका बघते आणि वळून घरात बघते तर तेच, मग तिला ते खरंच वाटणार ना. आमच्याकडे नवऱ्याने मुलांसमोर भांडी घासायला घेतली तेव्हाच फरक पडला, बोलून काही झालं नव्हतं.

पंचवटीची_आजी:
मी ६८ वर्षांची, मालिका मीही बघते गं, सगळा दोष त्यांच्यावर ढकलू नकोस. आमच्या वेळी शेजारणीकडून किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक आणून मी दुपारी माजघरात वाचायचे, बाईने स्वतःच्या नावाने खातं उघडावं हे मला तिथेच वाचून सुचलं. म्हणजे बाई कशी असावी हे छापलेलं-दाखवलेलं बघून दोन्हीकडे वळण लागतं. तू तिच्याजवळ बस आणि विचार, ही एवढं राबते, हिच्या हातात पैसे किती?

त्र्यंबकचा_बाबा:
मलाही मुलगीच आहे. रविवारी पांडवलेण्याखाली फाळके स्मारकात घेऊन जा. फाळके आपल्या त्र्यंबकचे, १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण पडद्यावर यायला बाईच मिळेना, आणि त्यांच्याच पुढच्या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. माझ्या लेकीला हे सांगितलं तर ती दिवसभर विचारत होती, त्यांना कोण काय म्हणालं असेल? आणि सावरपाड्याची कविता राऊत, २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य, तिच्या पळण्याचे व्हिडिओही दाखव.

सिडकोची_आई:
आजी, तुमचं ऐकून काल जवळ बसले आणि विचारलं. तर सासूबाईच सांगायला लागल्या की लग्नाआधी त्या ओझरला एका बाईकडे शिवणकाम करायच्या. पोरगी लगेच म्हणाली, आजी तुला पगार किती होता? त्या जरा थांबल्या, म्हणाल्या, माहीत नाही बाळा, तो वडिलांच्या हातात जायचा. मालिका चालूच होती, कोणाचंच लक्ष नव्हतं. मग पोरीने माझी पर्स आणली आणि म्हणाली, आई तुझा कुठे असतो, दाखव.