मदत हवी आहे : बोर्निओच्या जंगलात कमी खर्चात राहायचं आहे, किनाबातांगानच्या काठी कुठे उतरावं?

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या सुट्टीत मलेशियातल्या साबा राज्यात, म्हणजे बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाला जायचं ठरवतोय. आम्ही चौघं : मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सत्तरीचे सासरे. मुंबई ते क्वालालंपूर तिकिटं काढून झाली आहेत. तिथून पुढचं सगळं, म्हणजे साबातल्या सांदाकान शहराचं विमान, राहणं, खाणं, होडी, गाईड, दीड लाखात बसवायचं आहे. रिंगिट साधारण वीस रुपये धरला तर साडेसात हजार रिंगिट होतात. हाताशी आठ रात्री आहेत.

शहर, समुद्रकिनारा, खरेदी यातलं काही नको. लेकीला धनेशाचं वेड आहे. दांडेलीला धनेश पाहिल्यापासून ती वह्याच्या वह्या भरून त्यांची चित्रं काढते, आणि किनाबातांगान नदीच्या काठी धनेशाच्या आठ जाती आहेत हे वाचल्यावर तिने यादी करून भिंतीला लावली आहे. सासरे वनखात्यात होते, बरीचशी नोकरी मेळघाटात झाली. आयुष्यभर साग आणि बांबू पाहिला, आता एकदा कुऱ्हाड न लागलेलं सदाहरित जंगल बघायचं आहे, एवढंच ते म्हणतात. दोघांचीही इच्छा मला मनापासून पुरी करायची आहे आणि तिथेच गाडी अडली आहे.

आत्तापर्यंत जमवलेला आराखडा असा : सांदाकानला उतरून जवळच्या सेपिलोकला (तिथे ओरांगउटानचं केंद्र आहे) दोन रात्री, मग नदीकाठी तीन रात्री, उरलेल्या रात्री दानुम खोऱ्यातल्या जंगलात. पण दानुममधल्या मोठ्या रिसॉर्टचे दर पाहिले तर आमचं सगळं बजेट तिथेच संपतं. तिथल्या संशोधन केंद्रातही पाहुण्यांना राहता येतं म्हणे. ते चौघांना झेपेल का?

नदीकाठी सुकाउ आणि बिलित गावात लॉज आहेत, बातू पुतेह गावात गावकऱ्यांच्या घरी राहायची सोय आहे. माझा कल घरी राहण्याकडे आहे. पैसे थेट गावात जावेत असं वाटतं, आणि लेकीलाही लोक कसे राहतात ते दिसेल. पण सासऱ्यांचा उजवा गुडघा दुखतो. होडीत चढणं-उतरणं, जमिनीवर बसून जेवणं, संडासची सोय, याबद्दल कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

आणखी दोन गोष्टी. सासरे पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. आणि सेपिलोकला ओरांगउटानना ठरलेल्या वेळी खायला घालतात ते पाहायला जावं की नाही, याबद्दल मनात शंका आहे. प्राण्यांचा खेळ मांडलेला असेल तर तिकडे पैसे द्यायचे नाहीत.

प्रतिसाद :

ताई, मी सिंगापूरला असतो, साबाला जाणं झालं आहे. आधी नदीचं सांगतो, कारण तुमचे पैसे तिथेच लागायला हवेत.

किनाबातांगान ही साबातली सगळ्यात लांब नदी, ५६० किलोमीटर. खालच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना पाम तेलाच्या बागा पसरल्या आहेत आणि जंगल उरलंय ते काठालगतच्या तुकड्यांत. २००५ साली त्यातल्या सुमारे २६ हजार हेक्टरला अभयारण्याचा दर्जा मिळाला. प्राणी इथे इतके सहज दिसतात याचं एक कारण हेच आहे की त्यांना जायला दुसरी जागा राहिलेली नाही. पाहताना हे लक्षात असावं, लेकीलाही सांगावं.

लांबनाकी प्रोबोसिस माकडं संध्याकाळी झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात आणि सकाळी आत निघून जातात. त्यामुळे संध्याकाळची आणि पहाटेची होडी हीच खरी. धनेशही पहाटे चांगले दिसतात. दर ठरवताना खोली किती छान आहे ते बघू नका, दर मुक्कामात होडीच्या फेऱ्या किती आणि एका होडीत माणसं किती, एवढं विचारा. स्वस्त म्हणून दोन रात्रींवर आलात तर एक फेरी पावसात जाते आणि हत्तींचा कळप नेमका त्या वेळी वरच्या अंगाला असतो. तीन रात्रींवरून खाली येऊ नका.

सुकाउजवळच्या मेनांगुल ओढ्यात प्राणी भरपूर, पण गर्दीच्या दिवसांत होड्याही भरपूर. बातू पुतेहला ते कमी आहे. तिथलं काम गावकऱ्यांची सहकारी संस्था पाहते. तुंगोग तळ्यात साल्विनिया नावाचं पाणवनस्पतीचं रान माजलं होतं, ते या लोकांनी काढलं, नदीकाठी झाडं लावली. तुमचे पैसे कुठे जातात ते डोळ्यांनी दिसतं. घरं साधी पण स्वच्छ. लोक ओरांग सुंगाइ, बहुतेक मुसलमान. चपला बाहेर काढायच्या, कपडे अंगभर. जेवण बऱ्याच घरी खाली बसून असतं, पण आजोबांना खुर्ची हवी असं आधी कळवलं तर अडचण येत नाही. संडास भारतीय पद्धतीचा की कमोडचा, हे मात्र घर ठरवण्याआधीच विचारून घ्या. होडीत चढताना धक्क्यावरून एक पाऊल खाली टाकायचं असतं आणि पाणी उतरलं की ते पाऊल मोठं होतं. पुढे होडीवाला हात देतो, मागे तुमच्यापैकी एकाने उभं राहावं.

सेपिलोकबद्दलची शंका रास्त आहे. ते केंद्र १९६४ पासून अनाथ ओरांगउटान सांभाळून जंगलात सोडण्याचं काम करतंय. सकाळी दहा आणि दुपारी तीनला मचाणावर फळं ठेवतात. येणारे बरेचसे तिथेच वाढलेले आणि आता मोकळे असलेले. जंगलात फळं पिकली की कधी कधी एखादाच येतो किंवा कोणीच येत नाही, आणि ती चांगली बातमी समजायची. स्पर्श नाही, मांडीवर घेऊन फोटो नाहीत. मी म्हणेन जा. शेजारीच सन बेअरचं, म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान अस्वलाचं केंद्र आहे, तेही बघा.

प्रतिसाद :

वरच्या दादांशी सहमत, फक्त दानुमबद्दल माझं मत वेगळं आहे. पक्षी बघायला गेलो होतो. ४३८ चौरस किलोमीटरचं, तोड न झालेलं सखल प्रदेशातलं जंगल आहे ते. २०१९ मध्ये मोजलेलं १००.८ मीटर उंचीचं पिवळ्या मेरांतीचं झाड याच दानुममधलं. संशोधन केंद्रात राहणं रिसॉर्टपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. पण लहाद दातू या जवळच्या गावापासून आत जायची गाडी, गाईड आणि जेवण धरून चौघांचा आकडा तुमच्या बजेटला जड जाईल. शिवाय खरी मजा पायवाटांवर, तिथे चढ-उतार आणि निसरडं. दुखऱ्या गुडघ्याला ते सोसायचं नाही.

सासऱ्यांसाठी मी तावाउ हिल्स पार्क सुचवतो. तावाउ शहरापासून जवळ आहे, राज्याच्या उद्यान विभागाचं आहे, आत साधी राहायची सोय आहे आणि दर सामान्य माणसाला परवडणारे. मुख्य प्रवेशापासून साधारण किलोमीटरभर चाललं की ८८ मीटर उंचीचं मेरांतीचं झाड उभं आहे. मेळघाटात साग मोजलेल्या माणसाला त्याच्या बुंध्याशी थोडा वेळ बसू द्या, घाई करू नका. शनिवार-रविवार टाळा, स्थानिक लोक नदीवर डबे घेऊन येतात.

यामुळे मार्गही सोपा होतो. सांदाकानला उतरा आणि परतीचं विमान तावाउहून घ्या, तिथून क्वालालंपूरला थेट सेवा आहे. बातू पुतेह हे सांदाकान–लहाद दातू महामार्गावरच, पुलापाशी आहे, त्यामुळे पुढे तावाउकडे जाताना उलटं फिरावं लागत नाही.

सेपिलोकला असताना रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटर चुकवू नका. झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर लोखंडी पूल बांधलाय, वर गेलं की पुढे सपाट चालायचं. लेकीला धनेश डोळ्यांच्या रेषेत दिसतील. अर्धा दिवस नका ठेवू, सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही ठेवा.

प्रतिसाद :

खर्च फारच ताणला जात असेल तर सारावाकमधलं, म्हणजे बोर्निओतल्याच मलेशियाच्या शेजारच्या राज्यातलं, बाको राष्ट्रीय उद्यान बघा. १९५७ पासूनचं आहे, तिथल्या कुचिंग शहरातून बसने आणि मग होडीने जाता येतं, आत वसतिगृहासारख्या खोल्या आहेत, आणि प्रोबोसिस माकडं मुक्कामाच्या आसपासच फिरतात. पण पायवाटांवर मुळं आणि पायऱ्या फार, आणि ओहोटीला होडी किनाऱ्यापर्यंत येत नाही, पाण्यातून चालावं लागतं.

प्रतिसाद :

तब्येतीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी डॉक्टर आहे. मलेशियात २०१८ पासून डासांमार्फत माणसाकडून माणसाला होणाऱ्या मलेरियाचा स्थानिक रुग्ण नाही, पण डासांमार्फतच माकडांकडून येणारा नोलेसी मलेरिया साबात आहे आणि तो झपाट्याने वाढू शकतो. संध्याकाळच्या होडीत सगळ्यांनी पूर्ण बाह्या, पायमोजे, डास पळवणारं मलम. गोळ्या घ्यायच्या का, हे सासऱ्यांची इतर औषधं पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. परत आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर साबाच्या जंगलात जाऊन आलो हे पहिल्या वाक्यात सांगा. जळवांनी मात्र आजार होत नाही. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घ्या, आणि जळू चिकटलीच तर नखाने तोंडापाशी सरकवून काढा, मीठ-तंबाखू लावू नका.

जेवणाचं : भारतीय मुसलमानांच्या टपऱ्यांवर रोटी चानाइ आणि डाळ सगळीकडे मिळते, पण रस्सा कशाचा आहे ते विचारा. इतर ठिकाणी ‘साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, तेलूर’ म्हणा, म्हणजे मांस, कोंबडी, मासे, अंडं खात नाही. एवढ्याने भागत नाही, ‘बेलाचान’ नको हेही सांगा. ती वाळवलेल्या कोळंबीची चटणी पालेभाजीतसुद्धा असते. भाकरीचं पीठ न्यायची गरज नाही. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पुरे, भात प्रत्येक घरी मिळतो.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. तावाउ हिल्सचं कधी ऐकलंही नव्हतं. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते लगेच नकाशा घेऊन बसलेत. आता असं ठरतंय : सेपिलोक दोन रात्री, बातू पुतेह गावात तीन, तावाउ हिल्स दोन, शेवटची तावाउ शहरात. दानुम यावेळी नाही.

एकच विचारायचं राहिलं. क्वालालंपूरला शिक्का बसल्यावर साबात पुन्हा तपासणी असते का?

प्रतिसाद :

हो ताई. साबा आणि सारावाक यांचं इमिग्रेशन वेगळं आहे. देशातल्या देशात विमान असलं तरी सांदाकानला पासपोर्ट दाखवावा लागतो आणि नवा शिक्का बसतो. परतीचं तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर छापून ठेवा. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, चौघांचं वेगवेगळं. भारतीयांना सध्या तीस दिवस व्हिसामाफी आहे, तरी निघण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर एकदा बघा. आणि क्वालालंपूरला दोन विमानांत निदान चार तास ठेवा, आजोबांना तिथे फार चालावं लागतं.