अनुभव धागा : गायब झालेली आणि परत आलेली छोटी ऑनलाइन साधनं

ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं तेव्हा लोकांनी रीतसर निरोपाचे लेख लिहिले. पण फोटोचे केबी कमी करणारं, पीडीएफ जोडून देणारं एखादं साधं पान गेलं तर कोणाला पत्ताही लागत नाही. लागतो तो ऐन वेळी, फॉर्मची शेवटची तारीख असते तेव्हा. तुमचं काय गेलं, काय परत आलं, मधल्या काळात कसं भागवलंत, ते लिहा. नुसत्या शिव्या नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

डीटीपीवाली, सांगली

आमची जुनी कामं सगळी श्रीलिपी नाहीतर शिवाजी फॉन्टात. हल्ली गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, तोच मजकूर व्हॉट्सॲपवर टाकायचाय." तिथे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो, कारण या फॉन्टांनी देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेत.

त्यासाठी एक पान होतं. वरच्या चौकटीत जुना मजकूर, खालच्या चौकटीत युनिकोड, म्हणजे मोबाइलवर आणि नेटवर सगळीकडे नीट दिसणारी देवनागरी. रंग भडक, काम चोख. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी येते, युनिकोडात नंतर. रफाराचं बरोबर उलट. 'निर्विघ्न' या शब्दात वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर येतात, म्हणून मी कुठलाही कन्व्हर्टर आधी त्याच शब्दावर तपासते. लग्नपत्रिकांमुळे तो शब्द हाताशी असतोच!

एका पावसाळ्यात ते पान गेलं. त्या पत्त्यावर रमीची जाहिरात दिसायला लागली. दुसरे कन्व्हर्टर मिळाले, पण त्यांचं निर्विघ्न काही पार पडेना. शेवटी हातानेच दुरुस्त्या करत बसायचे. पुढे तेच पान नव्या पत्त्यावर सापडलं, तसेच भडक रंग! भाच्याने लगेच कंट्रोल-एस करून ते कॉम्प्युटरवर घेतलं. रूपांतर ब्राउझरमध्येच होत असेल तर असं पान नेटशिवाय चालतं. वायफाय बंद करून एकदा बघून घ्यायचं.

नेटकॅफेवाला, बीड जिल्हा

बँक भरतीचा फॉर्म म्हणजे फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. पोरं रांगेत आणि फोटो बारीक करणारी साइट उघडत नाही, हे प्रत्येक भरतीला ठरलेलं. दोन दिवसांनी ती उघडते, पण तोवर फॉर्म गेलेला असतो. शिवाय लोकांच्या सह्या कुठल्या अनोळखी सर्व्हरवर चढवतोय ते मला कधीच पटलं नाही. आता सरळ विंडोजच्या पेंटमध्ये करतो. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, सही १४० बाय ६०, जेपीजी म्हणून सेव्ह. केबीत बसली नाही तर पिक्सेल थोडे इकडेतिकडे करायचे.

पेंट ऑनलाइन नाही, मान्य. पण तोही जाता जाता राहिलाय. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला निवृत्तांच्या यादीत टाकलं होतं. लोकांनी गलका केला, मग २०१९ मध्ये तो विंडोजमध्येच राहणार असं ठरलं.

जि. प. शाळेतला शिक्षक

कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मी वर्गात वापरतो. विजेचं सर्किट जोडणं, लंबक, अपूर्णांक. त्यातली जुनी बरीचशी फ्लॅश आणि जावा या ब्राउझरला वेगळ्या जोडाव्या लागणाऱ्या तंत्रांवर चालायची. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा पाठिंबा संपला आणि पुढे ब्राउझरमध्ये ती उघडेनात. फेटवाल्यांनी मात्र ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या एचटीएमएल५ मध्ये एकेक नव्याने बनवायला घेतली होती. आता ती मोबाइलवर चालतात, कितीतरी मराठीतही आहेत. प्रत्येकाची फाइल उतरवून घेता येते, म्हणजे शाळेत रेंज नसली तरी तास होतो. माझ्या आवडीची काही जुनी अजून आलेली नाहीत, पण जी आली ती आधीपेक्षा सरस आहेत. परत आलेलं ते दुय्यमच असतं असं नाही.

टंकाळा, डोंबिवली

गूगलचं विंडोजवर नेटशिवाय मराठी टाइप करायचं साधन अधिकृत जागी मिळेनासं झालं, तेव्हा आमच्या ऑफिसात त्याची जुनी फाइल पेनड्राइव्हवरून फिरायची. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटतं तो) आला आणि तो पेनड्राइव्ह सुटला.

गावाचा इतिहास गोळा करणारा

वर काहींनी केलं तसं कॉपी करून ठेवणं साधनांपुरतं ठीक. माझं काम मेलेल्या दुव्यांवर चालतं. याहूच्या जिओसिटीजवरची, बंद झालेल्या ब्लॉगांवरची पानं मी वेबॅक मशीनमध्ये शोधतो, म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने जपलेल्या जुन्या वेबपानांच्या संग्रहात. २०२४ च्या फेब्रुवारीत गूगलच्या निकालांतून कॅशचा (गूगलने साठवलेल्या पानाच्या प्रतीचा) दुवा जात असल्याचं जाहीर झालं, त्यामुळे सगळी मदार वेबॅकवर. ऑक्टोबरमध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला, ३ कोटींहून जास्त खात्यांची माहिती फुटली आणि वेबॅकही बंद. काही दिवसांनी ते आलं, पण आधी नुसतं वाचण्यापुरतं. नवं पान जतन करता येत नव्हतं. त्या दिवसांत मी पानांचे पीडीएफ करून ठेवत होतो. जिथे एखादं साधन नाही, अख्खा संग्रहच असतो, तिथली प्रत मी काढून काढून किती काढणार? फारतर माझ्या गावापुरती.

नेटकॅफेवाला, बीड जिल्हा

सांगलीच्या ताई, ते सेव्ह केलेलं पान मला मिळेल का? आमच्याकडे पतसंस्थेचे जुने अहवाल येतात.

डीटीपीवाली, सांगली

पाठवते की. आधी अहवाल कुठल्या फॉन्टात आहेत ते बघा, नाव आणि पुढचा आकडा दोन्ही. प्रत्येकाची मांडणी वेगळी असते, आणि माझं पान कृतीदेव फॉन्टला चालत नाही.